थोरल्या भावाचं वय

येडूचा बाप बिरू धनगर मेंढराचं तोंड उघडून नुसतं बघायचा आणि सांगायचा, हे दोन दाती, हे चार दाती, हे जुळलं, सगळे दात आले, आणि ह्याला आता बाजार दाखवा. वेळापूरच्या माळावर त्याच्या शब्दाला मान होता. पण त्याच बिरूला कोणी विचारलं असतं की बाबा, तुझं धाकटं पोरगं केवढं, तर त्यानं हात कमरेच्या वर कुठंतरी धरला असता आणि ‘येवढं’ म्हणून मोकळा झाला असता. मेंढरू विकायचं असतं, म्हणून त्याचं वय लागतं. पोराचं वय घेऊन करायचं काय? अशा घरात येडू जन्मला. आपण किती वर्षांचे हे त्याला कधी कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

पुढं सोलापुरात गिरणीनं त्याला एक वय दिलं. ते त्याचं नव्हतं, थोरल्या भावाचं होतं.

ते असं झालं. थोरला सिदू आधीच सोलापुरात येऊन गिरणीच्या साचेखात्यात लागला होता. साचा म्हणजे माग, आणि त्याच्याकडं दोन साचे होते. एका दुष्काळात मेंढरं गेली, मागोमाग आईबाप गेले. थोरली बहीण राजाबाई नातेपुत्याला नांदत होती, म्हणून येडू भावाकडं आला आणि त्याच्या साच्यांभोवती झाडलोट करत, सुताच्या कांड्या आणून देत वाढला. १९०३ साली शहरात प्लेगानं पुन्हा तोंड काढलं. सिदूच्या काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गेला. घरात प्लेगाचं माणूस मेलं असं सरकारला कळलं की घराला कुलूप, माणसं गावाबाहेर झोपड्यात, आणि साच्यावर दुसराच कोणीतरी. म्हणून कोंडीबा मुकादमानं तोड काढली. माती गुपचूप झाली, आणि त्याच सकाळी भोंगा वाजला तेव्हा कोंडीबानं सिदूचा पितळी बिल्ला येडूच्या हातावर ठेवला.

‘आजपासनं तू सिदू,’ तो म्हणाला. ‘मेला त्यो येडू. रडायचं आसंल तर सांजचं घरी जाऊन रड.’

येडूला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलं होतं. पण हापिसातल्या साहेबाला बिल्ल्याचा नंबर ओळखू यायचा, तोंड नाही. हजेरीच्या बुकात ‘सिदू बिरू’ होता, तो तसाच राहिला आणि दर साली एकेक वर्षानं म्हातारा होत गेला. गिरणीत सगळे येडूला सिदू म्हणायचे. चाळीतही तेच नाव पडलं. लग्न झालं तेव्हा केराबाईला तेवढं खरं सांगितलं. पोरगा झाला, जोतीराम, तोही सिदूचा पोरगा म्हणूनच वाढला. खोटं फार दिवस वागवलं की त्याचं ओझं वाटेनासं होतं. येडूला तर पुढं पुढं कोणी ‘येडू’ म्हणून हाक मारली असती तर मान वळवायला वेळ लागला असता.

आता त्याच्या कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळी कथा तिच्याभोवती फिरते. मागावर आडवं सूत ज्यातून जातं तो धोटा. धोट्याच्या पोटात कांडी बसवायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या भोकातून बाहेर काढायचं. हे काढायची गिरणीतली रीत एकच होती. भोकाला ओठ लावायचे आणि जोरानं श्वास आत ओढायचा. फुर्रकन सूत तोंडात येतं. ते थुंकायचं आणि धोटा परत साच्यात बसवायचा. दोन साच्यांवर मिळून दिवसाला तीनशे वेळा तरी हे चालायचं. सुताबरोबर धोट्याचं तेल यायचं, धुरळा यायचा, आदल्या पाळीतल्या माणसाची थुंकी यायची, आणि रंगीत सूत असलं तर रंग यायचा. केराबाईला नवरा उंबऱ्यात आला की त्याच्या ओठांवरून कळायचं, आज साच्यावर हिरव्या काठाचं लुगडं चढलंय का तांबड्या.

एकतीस वर्षांत येडूचे पुढचे दात झिजले, मग हलले, मग एकेक करत गेले. कापसाच्या धुरळ्यानं छाती वाजायला लागली, केस पांढरे झाले, पाठ साच्यावर वाकायची ती वाकलेलीच राहिली. तंबाखू मात्र त्यानं त्या एकतीस वर्षांत कधी खाल्ली नाही. सिदूला गाठ आली त्या दिवशी भाऊ जगू दे म्हणून त्यानं बिरोबापुढं तंबाखू सोडली होती. भाऊ जगला नाही, पण सोडली ती सोडली. देवानं व्यवहार पाळला नाही म्हणून आपणही मोडायचा, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

१९३४ साली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उलगडली आणि त्याच सुमाराला येडूच्या खालच्या ओठाला एक फोड आला. केराबाईनं हळद-लोणी लावलं. फोड बरा होईना. संक्रांतीचा फोड शिमग्याला चांगला रुपयाएवढा चट्टा झाला, कडा कठीण, मध्ये खड्डा, आणि जबड्याखाली सुपारीसारखी एक गाठ. साचेखात्यात जेवणाच्या सुट्टीत मग ज्याची त्याची अक्कल चालायला लागली. एक म्हणाला, हे धुराड्याच्या धुरानं. दुसरा म्हणाला, नव्या विलायती रंगानं, पूर्वीचे रंग असे नव्हते. तिसऱ्यानं करणीवर बोट ठेवलं. पलीकडच्या साच्यावरचा कुंडलिक वयानं सगळ्यांत मोठा, चाळीस वर्षं धोटा ओढत आलेला, वर तंबाखूचा बकाणा कायम. त्यानं आपला धडधाकट ओठ दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, ‘धोट्यानं हुतं तर मला आदी झालं आसतं की.’ येडू भिंतीला टेकून ऐकत होता. त्याला या वादाचा कंटाळा आला होता, आणि तरी त्याचा निकाल हवा होता.

तो का हवा होता, तेही सांगतो. जोतीराम एकवीस वर्षांचा झाला होता आणि दोन वर्षं बदलीवर होता. बदली म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं. येडूनं काम सोडलं की त्याचे दोन साचे कायमचे जोतीरामला मिळायचे, तसं कोंडीबानं कबूल केलं होतं. जोतीरामचं लग्न त्या साच्यांवरच ठरलं होतं. येडूच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आपला ओठ धोट्यानं सडला असेल, तर तोच धोटा आपण पोराच्या तोंडाला लावतोय. आणि वयानं सडला असेल, तर मग काही नाही, ती सगळ्यांचीच वाट आहे.

गिरणीच्या दवाखान्यातला डॉक्टर मनानं वाईट नव्हता, दमलेला होता. दिवसाला शंभर माणसं तपासणाऱ्याचं जे होतं ते त्याचं झालं होतं. त्यानं ओठ पाहिला, गाठ चाचपली, आणि बराच वेळ हात धूत राहिला.

‘कर्करोग आहे,’ तो म्हणाला. ‘दोन महिन्यांपूर्वी आला असतास तर मिरजेला पाठवून कापून घेतलं असतं. आता गळ्यात उतरलाय.’

‘त्ये ऱ्हाऊ द्या, सायेब,’ येडू म्हणाला. ‘ह्ये कशानं झालं तेवडं सांगा. वयानं का धोट्यानं?’

डॉक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याचं तोंड पुन्हा उघडायला लावलं, पुढची रिकामी हिरडी पाहिली, पांढरं डोकं पाहिलं, आणि हजेरीचं बुक मागवून बिल्ल्याच्या नंबरावर बोट ठेवलं. ‘सिदू बिरू. बासष्ट.’ त्यानं बुक मिटलं. ‘वयानं. साठीच्या पुढं शरीर विटतं, मग कुठंतरी असं काही उगवतं. त्याला वेगळं कारण लागत नाही. धोटा काय, सगळेच ओढतात.’

मरणाची खबर घेऊन इतक्या हलक्या पावलांनी घरी जाणारा माणूस सोलापुरात त्या दिवशी दुसरा नसेल. वाटेत त्यानं दोन आण्यांचे पेढे घेतले. स्वतःला चावता येत नव्हते, म्हणून केराबाईला आणि जोतीरामला दिले. ‘वय झालं म्हनला डाक्तर,’ तो म्हणाला. ‘धोट्याचं काय न्हाय. उद्यापासनं साचे तुजे, जोत्या.’ केराबाई पेढा हातात धरून बसली. तिला रडावं का हसावं ते कळेना. जोतीरामनं खाली बघत पेढा खाल्ला. बाप मरणार याचं त्याला वाईट वाटत होतं आणि साचे मिळाले याचा आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून तो बापाच्या जागी उभा राहिला. बुकात नाव मात्र अजून चढलं नव्हतं, ते महिनाअखेरीला चढणार होतं.

पाडव्यानंतर राजाबाई आली, नातेपुत्याहून. हातात कुरडयांचं गाठोडं, अंगावर उन्हानं रापलेलं लुगडं, दात सगळे जागच्या जागी. भाऊ अंथरुणावर आहे एवढंच तिला कळलं होतं. येडूचं तोंड पाहून ती चुलीपाशी गेली, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील केली, आणि चमच्या-चमच्यानं त्याला पाजायला बसली. ओठाला लागलं की तो डोळे मिटायचा.

‘कशानं झालं म्हनं?’ तिनं विचारलं.

‘वय झालं,’ येडू म्हणाला. बोलताना त्याला आता त्रास व्हायचा. ‘बासस्ट.’

चमचा अर्ध्यावर थांबला. ‘कुनाला?’

‘मला.’

‘आरं, मोट्या दुकाळात सिदू चार वर्सांचा हुता आन मी आयच्या पोटात हुते,’ राजाबाई म्हणाली. ‘तू माज्या मागं धा वर्सांनी झालास. तुला कडंवर घिऊन मी मेंढरामागं हिंडले. मला आजून साटी लागायची हाय. मग मला सोडून तू म्होरं बासस्टचा कसा झालास रं?’

केराबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. तिला तर खरं ठाऊक होतं. येडूलाही होतं. आणि तरी डॉक्टरनं बुक मिटलं तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं की तो सिदूचं वय वाचतोय आणि ओठ येडूचा बघतोय. तीस वर्षं दुसऱ्याचा सदरा घातल्यावर तो आपलाच वाटायला लागतो. राजाबाईनं बोटांची पेरं मोजली, दोनदा मोजली. मोठा दुष्काळ, मग तिचा जन्म, मग दहा वर्षं. येडू सत्तेचाळीसचा होता, फार तर अठ्ठेचाळीसचा.

येडूनं आंबील बाजूला सारली. म्हातारपणानं आलं म्हणून त्यानं मरण विनातक्रार घेतलं होतं, आणि आता त्याला कळलं की म्हातारपण त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं. त्याला भावाचा राग आला नाही, डॉक्टरचाही नाही. राग स्वतःचा आला, त्या पेढ्यांचा आला. सांजेला भोंगा वाजला. जोतीराम आला आणि घडवंचीवर बसला. येडूनं त्याला दिव्यापाशी बोलावलं आणि त्याचा ओठ बघितला. ओठ तांबडा होता, कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत एक ओघळ सुकलेला.

दुसऱ्या दिवशी उठून बसवत नव्हतं तरी येडूनं मागाच्या फणीची एक जुनी तार शोधली, तिचं टोक दगडावर ठेचून वाकवलं आणि आकडा केला. धोट्याच्या भोकातून घालायचा, सूत अडकवायचं, ओढायचं. तोंड लावायला नको. आकडा बरा झाला होता. जोतीरामनं तो तीन दिवस खिशात नेला आणि तीन दिवस ओठ रंगवून आला.

‘आकड्यानं येक कांडी भरस्तवर दुसरा साचा उबा ऱ्हातो,’ तो म्हणाला. ‘मुकादम डोक्यावर हुबा आसतो, बाबा. समदं खातं हसतंय मला.’

येडूनं त्याला शिवी दिली नाही. तो स्वतः त्या साच्यावर एकतीस वर्षं उभा राहिला होता. एक साचा थांबला की कापड किती कमी निघतं आणि कोंडीबाची जीभ कशी चालते, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी राजाबाईच्या खांद्यावर हात ठेवून तो दवाखान्यात गेला. चाळीपासून गिरणीपर्यंतची वाट त्यानं सहा वेळा बसून काढली. डॉक्टरसमोर त्यानं सगळं सांगितलं, प्लेग, बिल्ला, सिदू, सगळं. जिथं त्याला बोलवेना तिथं राजाबाई बोलली. ‘ह्यो सिदू न्हवं, डाक्तर,’ ती म्हणाली. ‘सिदू आमचा तवाच मातीत गेला. ह्यो येडू हाय. माजा धाकटा.’

डॉक्टर रागावेल असं येडूला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्यानं टेबलाच्या खणातून स्वतःची एक वही काढली आणि पानं उलटत राहिला. ‘बारा वर्षांत ओठाचे, तोंडाचे असे सात रोगी माझ्याकडं आले,’ तो हळू म्हणाला. ‘साचेखात्यातलेच. सातही जणांपुढं मी साठीच्या वरचं वय लिहिलंय. बुकात होतं तेच.’ त्यानं वही येडूकडं वळवली, जणू येडूला वाचता येत होतं. ‘यांतले खरे साठीचे किती?’

येडूनं नावं वाचून दाखवायला सांगितली. पहिल्या तिघांना तो ओळखत होता. एक चुलत्याच्या बिल्ल्यावर होता. एकाचं वय कोंडीबानं भरतीच्या वेळी वाढवून लावलं होतं. तिसऱ्याचं त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरनं पेन्सील खाली ठेवली.

‘मंग माजं धोट्यानंच झालं का, सायेब?’

‘सांगता येत नाही.’

‘आसं कसं?’

‘विलायतेत सूत कातणाऱ्यांच्या अंगावर तेल पडून असा रोग होतो असं मी वाचलंय. धोट्याचं मी कुठं वाचलेलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी हा रोग उगाचही होऊ शकतो. आणि ज्याला साठीला होतो त्यालाही तो वयानंच झाला, तेलानं नाही, हे तरी कशावरून? वय वाढतं तशी धोटा ओढल्याची वर्षंही वाढतातच.’ डॉक्टरनं वही मिटली. ‘मी मागच्या वेळी ठामपणे सांगितलं, ते सांगायला नको होतं. एका माणसावरून हे कळत नसतं. पन्नास माणसांची खरी वयं कोणी लिहून ठेवली असती, कोण किती वर्षं साच्यावर होता ते ठेवलं असतं, तर काहीतरी उमजलं असतं. आता हे सात हिशेबातून गेले. तुझंही तसंच.’

येडू स्टुलावर बसला होता. बाहेर खात्यातून साच्यांचा धडधडाट येत होता. त्याला झोप आली होती, पण डोक्यात एक गोष्ट नीट बसत होती. ‘म्हंजी म्होरल्याचं खरं लिवलं पायजे,’ तो म्हणाला.

‘पोराचा जन्म कुठला?’ डॉक्टरनं विचारलं.

‘हितलाच. चाळीतला.’

‘मग मुन्शिपाल्टीत नोंद असेल. दाखला काढ.’

दाखला निघाला. जोतीराम, जन्म १९१३, बाप येडू बिरू. मुन्शिपाल्टीत सुईणीनं जे सांगितलं ते लिहिलं गेलं होतं, आणि सुईणीला त्या वेळी केराबाईनं खरं तेच सांगितलं होतं. बाळंतीण असताना खोटं बोलू नये, लेकराला बाधतं, असं तिच्या आईनं तिला बजावलं होतं. ही गोष्ट ती नंतर विसरूनही गेली होती.

महिनाअखेरीला कोंडीबा मुकादम स्वतः चाळीत आला. तोही आता थकला होता, पण जीभ तशीच होती. ‘उद्या पोराचं नाव चढवतो,’ तो म्हणाला. ‘सिदूचा पोरगा म्हनून. वय तीस लावू. येकवीस म्हनलं तर सायेब दोन साचे द्येत न्हाय, कच्चा हाय म्हनतो. तीस म्हनलं की झालं काम.’

‘येकवीस लाव,’ येडू म्हणाला.

‘आरं, पर...’

‘आन येडूचा पोरगा म्हनून लाव.’

कोंडीबाला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचा चेहरा पडला. तीस वर्षं ज्यानं झाकलं त्याचंच बिंग फुटणार होतं. त्यानं समजावलं, दरडावलं, प्लेगाच्या सालाची आठवण दिली. ‘सिदूचा पोरगा असला तर सिदूचे साचे त्याचे,’ तो म्हणाला. ‘येडूचा असला तर बुकात येडू म्हनून कुनी न्हाईच. मंग ह्यो कुनाचा कोन? बदलीच्या रांगंत, त्ये बी शेवटाला. लगीन मोडंल पोराचं.’

हे खरं होतं. जोतीराम दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं बापाकडं पाहिलं ते असं की येडूला ती नजर शेवटपर्यंत पुरली असती. ‘मला तीस लावा, मामा,’ तो कोंडीबाला म्हणाला. ‘बाबाला काय कळतंय? बाबा आता...’

येडूनं त्याला जवळ बोलावलं. त्याला फार बोलता येत नव्हतं. जे बोलायचं ते थोडक्यात बोलावं लागायचं. ‘जोत्या, म्या सांगतो म्हनून धोटा तू सोडनार न्हाईस,’ तो म्हणाला. ‘त्ये मला ठावं हाय. पोटाला सुटंल का? पर उद्या तुला हितं काय उगवलं,’ त्यानं स्वतःच्या ओठाकडं बोट नेलं, ‘तर चाळिसाव्या साली तुला कुनी बुक उगडून साटीचा म्हातारा म्हनू ने. माज्या बाबतीत कुनाला काय कळलं न्हाय. तुज्या बाबतीत तरी कळू दे.’

‘आन कळून काय हुईल?’

येडूनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी हापिसात कारकुनानं बुक उघडलं. येडूच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, बरोबर राजाबाई होती, मागं कोंडीबा आणि त्याच्याही मागं खाली मान घातलेला जोतीराम. दाखला टेबलावर ठेवला होता आणि त्याबरोबर, हा सिदू नव्हे, येडू आहे, अशी डॉक्टरची दोन ओळींची चिठ्ठी. कारकुनानं दोन्ही वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सिदू बिरूच्या नावावर तांबड्या शाईनं रेघ ओढली. एकतीस वर्षं उशिरानं का होईना, सिदू गिरणीतही मेला. राजाबाईनं डोळ्याला पदर लावला. मग कारकुनानं बदलीवाल्यांच्या यादीत शेवटी नवीन ओळ लिहिली. साचे कुंडलिकाच्या पुतण्याला गेले.

जोतीराम चार दिवस बापाशी बोलला नाही. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की पुढच्या साली बघू. केराबाई एका डोळ्यानं नवऱ्याकडं आणि एकानं पोराकडं बघत घरातलं करत राहिली. पण रोज सकाळी भोंग्याच्या आधी येडू उठायचा. राजाबाईचा हात धरून जोतीरामच्या मागोमाग गिरणीच्या दारापर्यंत जायचा आणि भिंतीच्या सावलीत उकिडवा बसायचा. त्याला कोणी विचारलं की हितं कशाला येतोस, तर म्हणायचा, सवय हाय. चार दिवस बदलीत जोतीरामचा नंबर लागला नाही. तो परत फिरायचा, आणि मागून त्याचा बाप त्याच्या पायांकडं बघत हळूहळू यायचा.

पाचव्या दिवशी चार माणसं गैरहजर निघाली. कोंडीबा दारात उभा राहून यादीतली नावं पुकारत होता, बिल्ला नंबर आणि नाव, बापाच्या नावासकट, जशी रीत होती. रांगेतली माणसं पुढं सरकत होती. जोतीराम सगळ्यांच्या मागं उभा होता. तारेचा आकडा त्यानं टोपीच्या घडीत खोचलेला होता. तो आज वापरणार होता की नाही, ते येडूला सांजेला ओठ बघितल्यावरच कळणार होतं.

‘जोतीराम येडू,’ कोंडीबानं पुकारलं.

त्या दारात एकतीस वर्षं येडूनं रोज हजेरी दिली होती, पण हे नाव तिथं आजवर कोणी घेतलं नव्हतं. जोतीरामला ओ द्यायला क्षणभर उशीर झाला. त्याच्या आधी भिंतीपाशी बसलेला म्हातारा, जो म्हातारा नव्हता, राजाबाईचा हात धरून उभा राहिला आणि फडक्याच्या आतून म्हणाला, ‘हाय.’

जोतीरामनं वळून बापाकडं पाहिलं. मग त्यानं बिल्ला घेतला आणि तो आत गेला.